वायरलेसची प्राध्यापकी: नोकरी सांभाळून पदवी की पूर्णवेळ संशोधन?

सर, नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन विभागात सहायक प्राध्यापक आहे. वय ३४. एम.ई.ला एओडीव्ही या राउटिंग प्रोटोकॉलवर, म्हणजे निरोप कोणत्या यंत्रांमधून पुढे जावा हे ठरवणाऱ्या नियमांवर काम केलं, संगणकावर जाळ्याची नक्कल करणाऱ्या एनएस-२ सिम्युलेटरवर. वायरलेस नेटवर्क हा विषय मला मनापासून आवडतो, शिकवायलाही तोच मागून घेते. आता व्यवस्थापन म्हणतं, पीएचडी करा, नाहीतर बढतीचं विसरा. विभागप्रमुखांनी एक गाइड सुचवले आहेत. पार्ट टाइम, नोकरी सांभाळून, तीन वर्षांत पदवी हातात. मला मात्र आयआयटीसारख्या ठिकाणी पूर्णवेळ संशोधन करून या विषयाची खरीखुरी प्राध्यापक व्हायचं आहे. मुलगी साडेचार वर्षांची आहे. नवऱ्याची साथ आहे, पण माझा पगार थांबला तर घराचा हप्ता जड जाईल. घरचे म्हणतात, या वयात कशाला? सहकारी म्हणतात, वायरलेसमध्ये आता उरलंय काय, तुमची पीएचडी होईपर्यंत ६जी येईल आणि तुमचं काम जुनं होईल, शिवाय आता सगळं एआयच आहे. मी काय करू?

एक वाचक, नाशिक जिल्हा

नमस्कार मॅडम,

तुमच्या पत्रात वय, पैसा, गाइड आणि विषयाचं भवितव्य असे चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मी सहकाऱ्यांच्या शेऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा असेल तर बाकीच्या तिन्हींचा विचार करायचं कारणच उरत नाही. तो खरा नाही.

तुमचे सहकारी पिढ्यांचे आकडे मोजताहेत. कंपन्यांना आणि स्पेक्ट्रमच्या लिलावाला ते आकडे लागतात. प्राध्यापकाचं काम त्याच्या बरंच खाली चालतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तुम्ही अलोहा ही एकच चॅनेल अनेकांनी वापरण्याची पद्धत शिकवत असालच. १९७१च्या जूनमध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचं टर्मिनल रेडिओवरून मुख्य संगणकाला जोडलं, वेग सेकंदाला ९६०० बिट. अडचण अशी होती की सगळ्यांना एकच चॅनेल वापरायचा आहे आणि आपली पाळी कधी हे विचारायची सोय नाही. ग्रामसभेत दहा जण एकदम उठून बोलू लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसलाच हा गोंधळ. अब्रॅमसन यांचा तोडगा सरळ होता: पाठवून टाका, पोचपावती आली नाही तर मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवा. अशाने चॅनेलचा फार तर १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. पुढच्याच वर्षी लॅरी रॉबर्ट्स यांनी वेळेचे सारखे कप्पे पाडले आणि तोच आकडा ३६.८ टक्क्यांवर गेला. परीक्षेत हे दोन आकडे सिद्ध करायला सांगून आपण पुढच्या युनिटकडे वळतो. पण आजचा ५जी फोन टॉवरला पहिली हाक मारतो ती याच तत्त्वाने, आणि द्राक्षबागेत ओलावा मोजून तो कमी विजेवर दूरवर कळवणारा लोरावॅन सेन्सर तर जवळजवळ मूळच्या अलोहाचीच भाषा बोलतो. एका टॉवरखाली हजारो यंत्रं आली की या हाका एकमेकींवर आदळणार, मग करायचं काय, यावर आजही जगभर लोक डोकं खपवताहेत. ६जी आलं म्हणून हा प्रश्न जुना होणार नाही, उलट यंत्रं वाढतील तसा तो जास्तच टोचेल.

दुसरं उदाहरण मला फार प्रिय आहे. पी. आर. कुमार हे आयआयटी मद्रासचे १९७३चे पदवीधर. अमेरिकेत पीएचडी करून १९७७ ते १९८४ ते मेरीलँडमध्ये चक्क गणित विभागात शिकवत होते. नंतर इलिनॉय विद्यापीठ, आणि २०११पासून टेक्सास ए अँड एम. त्यांचं मूळ काम नियंत्रणशास्त्रातलं. पुढे कारखान्यातल्या कामांचा क्रम कसा लावावा यावर त्यांनी काम केलं, आणि मग पीयूष गुप्ता या विद्यार्थ्याबरोबर २०००मध्ये वायरलेस जाळ्याची क्षमता किती यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याचा गाभा असा: टॉवर नाही, केंद्र नाही, सगळी यंत्रं एकमेकांचे निरोप पुढे पोचवताहेत, अशा जाळ्यात यंत्रांची संख्या n असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग १ भागिले √(n log n) या प्रमाणात घटतो. म्हणजे यंत्रं शंभरपट झाली की प्रत्येकाचा वाटा दहाव्या हिश्शाहूनही खाली येतो. तुमच्या एओडीव्हीसारख्या प्रोटोकॉलवर जगभर शेकडो प्रबंध लिहिले जात असताना या दोघांनी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न विचारला की हवेची मर्यादाच काय आहे. ६जीने हे सूत्र बदलत नाही.

आता एआय. एमआयटीतल्या दीना कताबी यांची वाटचाल बघा. सुरुवात इंटरनेटवरच्या गर्दीच्या नियंत्रणापासून. मग एकाच वायरलेस प्रक्षेपणात दोन निरोप मिसळून पाठवण्याचं काम. पुढे त्यांच्या लक्षात आलं की वाय-फायसारख्या लहरी भिंतीपलीकडच्या माणसाला लागून परत येतात, आणि त्या परतीच्या लहरींत माणसाच्या श्वासाची लय सापडते. २०२२मध्ये त्यांच्या गटाने झोपेतल्या श्वासावरून पार्किन्सनची चाहूल घेण्याचं काम नेचर मेडिसिनमध्ये छापलं. त्यात एआय आहे, भरपूर आहे. पण लहर कुठे परावर्तित होते, कुठे शोषली जाते, गोंगाटातून हवा तो संकेत वेगळा कसा काढायचा, हे ज्याला कळतं त्याच्याच हातात ते एआय कामाचं. तेव्हा सहकाऱ्यांच्या बोलण्याने मागे फिरू नका.

तुमच्या एम.ई.च्या कामाबद्दल तुम्ही पत्रात एवढं ओझरतं लिहिलं आहे की त्याचा तुम्हाला संकोच वाटतो अशी शंका येते. महाराष्ट्रातल्या एम.ई.च्या प्रबंधांत एओडीव्ही आणि एनएस-२ यांची जोडी किती वेळा येते हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे. एक टायमर बदलायचा, पाच आलेख काढायचे, सुधारणा दाखवायची. तो प्रोटोकॉल चार्ल्स पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी १९९९मध्ये मांडला, २००३मध्ये त्याचा आरएफसी ३५६१ हा जाहीर तांत्रिक दस्तऐवज निघाला. रॉयर म्हणजेच आताच्या एलिझाबेथ बेल्डिंग. २०००मध्ये पीएचडी झाल्यावर त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत शिकवू लागल्या. एवढा गाजलेला प्रोटोकॉल हाताशी असताना जन्मभर त्याच्याच आवृत्त्या काढत बसणं त्यांना अवघड नव्हतं. त्या गेल्या झांबियातल्या माचा नावाच्या खेड्यात. तिथे सगळ्या गावाला मिळून एक संथ उपग्रह जोडणी होती. गावातली वाहतूक मोजल्यावर त्यांच्या गटाला दिसलं की लोकांच्या निरोपांचा मोठा वाटा गावातल्या गावातच जायचा असतो, तरी तो उपग्रहापर्यंत जाऊन परत येतो. मग गावातलं बोलणं गावातच फिरवणारी यंत्रणा त्यांनी उभी केली. प्राध्यापकाची कारकीर्द मी याला म्हणतो. तुम्ही ज्या प्रोटोकॉलवर प्रबंध लिहिला त्याच्या जननीने सिम्युलेटर सोडून गावात पाय ठेवला, आणि तिचे पुढचे प्रश्न तिला तिथे मिळाले.

सिम्युलेटरला मी नावं ठेवत नाही. एनएस-२च्या पुढचं एनएस-३ शिकाच. पण सिम्युलेटरमधली हवा आपण सांगू तशी वागते. खरी हवा तसं वागत नाही, आणि वायरलेसचे चांगले प्रश्न नेमके त्या तफावतीत दडलेले असतात. याचं आपल्या देशातलं उत्तम उदाहरण आयआयटी कानपूरचं. या शतकाच्या सुरुवातीला तिथे डिजिटल गँजेटिक प्लेन्स नावाचा प्रकल्प सुरू झाला. घरात आणि कार्यालयात वापरायचं स्वस्त वाय-फाय उंच मनोऱ्यांवर दिशादर्शी अँटेना लावून खेड्यापाड्यांत न्यायचं, असा बेत. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू या दोन प्राध्यापकांचं त्यात मोठं काम आहे, पुढे दोघंही आयआयटी मुंबईत आले. वाय-फायचं ८०२.११ हे मानक शंभरेक मीटरच्या हिशोबाने बेतलेलं, इथे अंतर काही ठिकाणी तीस किलोमीटरहून जास्त. पोचपावती यायला लागणारा वेळच गृहीत वेळेपेक्षा मोठा.

आणखी एक घोळ त्यांना मनोऱ्यावर भेटला. एकाच मनोऱ्यावर तीन दिशांना तीन अँटेना. वाय-फायचा मूळ नियम असा की शेजारी कुणी बोलत असेल तर आपण गप्प बसायचं. त्यामुळे एक अँटेना पाठवत असताना बाकीच्या दोन उगाच थांबून राहत. एक पाठवतेय आणि शेजारची ऐकतेय असं झालं तर ऐकणारीच्या कानात शेजारणीचाच आवाज. त्यांनी नियम बदलला: मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम पाठवायचं, नाहीतर सगळ्यांनी एकदम ऐकायचं. हे काम २००५मध्ये मोबिकॉम या परिषदेत आलं. वायरलेस जाळ्यांच्या क्षेत्रात मोबिकॉमला निबंध लागणं म्हणजे काय, हे तुम्ही जिथे जाल तिथल्या मुलांना विचारा. पुढच्या वर्षी त्याच दोघांनी एका सहकाऱ्यासह लांब पल्ल्याच्या जोडण्यांच्या मोजण्या प्रसिद्ध केल्या. अमेरिकेत केंब्रिज शहरातल्या छपरांवरच्या रूफनेट जाळ्यातून निघालेले निष्कर्ष गंगेच्या मैदानात जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे त्यांतून दिसलं. कानपूरच्या मनोऱ्यावर चढल्याशिवाय हे कुणाला कळलं असतं?

तुमच्या जिल्ह्याला लागूनच पालघर आहे. तिथे आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने ग्राममार्ग हा प्रकल्प केला. तेव्हा दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल बसतात. आपल्याकडे जमिनीवरून प्रक्षेपण करणारं दूरदर्शन एकटंच होतं, म्हणून त्यातले बरेच चॅनेल जागोजाग रिकामे पडलेले असत, हे या गटाने आधी आकड्यांनी दाखवलं. ही कमी वारंवारितेची लहर झाडीतून, उंचसखल भागातून वाय-फायपेक्षा चांगली जाते. मग तिच्यावरून खेड्यांत इंटरनेट पोचवून पाहिलं. पुढे करंदीकर आयआयटी कानपूरचे संचालक झाले आणि २०२३मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव. इकडे रामन आणि चेब्रोलू यांनी परीक्षा आणि अध्यापनासाठीच्या संगणकप्रणालींवर बराच जीव लावला. एकाच विषयातून निघालेल्या प्राध्यापकांच्या वाटा इतक्या वेगळ्या जाऊ शकतात. म्हणून पीएचडीचा विषय निवडताना जन्माची गाठ बांधतोय असं मनावर घेऊ नका.

गाइडची गोष्ट मात्र मनावर घ्या. विभागप्रमुखांनी सुचवलेले गाइड चांगले की वाईट हे मी इथे बसून सांगणार नाही. पण भेटायला जाल तेव्हा प्रयोगशाळा दाखवा म्हणा. तिथे रेडिओ आहेत का? कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर वायरी जोडलेले? त्यांच्याकडून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत, त्यांना किती वर्षं लागली, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारा. गाइडने गेल्या काही वर्षांत कोणत्या परिषदांना काम पाठवलं ते बघा. इन्फोकॉम, मोबिकॉम, सिगकॉम यांत नाकारलं गेलेलं कामही त्यांच्याकडे असेल तर मी तो चांगला गुण मानतो, कारण तिथे पाठवणारा माणूस निदान कडक परीक्षकांसमोर उभा राहतो. याउलट "पेपरची काळजी करू नका, आपल्या ओळखीचं जर्नल आहे" असं कुणी म्हणालं तर चहा घेऊन नम्रपणे निघा. पैसे भरून महिन्याभरात छापणारी नियतकालिकं आपल्या क्षेत्रात रोगासारखी पसरली आहेत. अशा यादीवर मिळालेली बढती टिकेल, पण दहा वर्षांनी तुमच्याकडे पीएचडीला येणाऱ्या मुलीला तुम्ही काय शिकवणार?

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. पूर्णवेळ करा. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी पूर्णवेळ. पार्ट टाइम पीएचडी वाईट असते असं माझं मत नाही. पण तुमच्या कॉलेजचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर प्रवेशाचं काम, पालकांना फोन. मग नॅक आणि एनबीए या मूल्यांकनांच्या फायली. मग अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिकं, उत्तरपत्रिका. मोजणीचं काम सलग आठवडे मागतं. रात्री अकराला मुलगी झोपल्यावर उघडलेल्या लॅपटॉपवर सिम्युलेशन चालवता येईल, मनोऱ्यावर अँटेना फिरवता येणार नाही. म्हणजे नोकरी सांभाळून केलेली पीएचडी तुम्हाला पुन्हा एनएस-२कडेच ढकलणार. तीन वर्षांत पदवी या वचनावरही फार विसंबू नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत तीन वर्षं ही किमान मुदत आहे आणि सहा ही कमाल. त्याच नियमांत महिलांना कमाल मुदतीवर दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. आयआयटींचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते वेगळे वाचा. चांगल्या गटात पाच वर्षं धरून चाला.

पाच वर्षं म्हटलं की पैसा आला. आयआयटीत पूर्णवेळ संशोधकाला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये अशी शिष्यवृत्ती २०२३पासून आहे. घराच्या हप्त्यापुढे ही रक्कम तुटपुंजी वाटेल, पण ती शून्य नाही, एवढं घरी कागदावर मांडून दाखवा. त्याआधी कॉलेजकडे एक गोष्ट मागा. अभियांत्रिकी शिक्षकांना उच्च शिक्षणासाठी मोठ्या संस्थांत पाठवण्याची एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची क्यूआयपी योजना आहे, आणि काही आयआयटींमध्ये महाविद्यालयीन शिक्षकांसाठी किंवा प्रायोजित उमेदवारांसाठी प्रवेशाचा वेगळा प्रकारही असतो. त्यासाठी कॉलेजचं रजेचं आणि प्रायोजकत्वाचं पत्र लागतं. खासगी व्यवस्थापनं अशी पत्रं सहज देत नाहीत, हे मी बघत आलो आहे. तरीही लेखी मागा. पीएचडी करा असा आग्रह त्यांचाच आहे, तर त्यासाठी रजा मागणं हा तुमचा हक्काचा मुद्दा आहे. पगार अर्धा मिळाला तरी हप्ता सुटेल. नाहीच मिळाला तर कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, हे बँकेत विचारा. नवऱ्याची साथ आहे म्हणता, तर तो हिशोब तुम्ही एकट्या करू नका, दोघं बसून करा.

वयाबद्दल घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना आरोग्यस्वामी पॉलराज यांची गोष्ट सांगा. जन्म तमिळनाडूतल्या पोल्लाचीचा, १९४४चा. पंधराव्या वर्षी नौदलात भरती. नौदलात असतानाच आयआयटी दिल्लीत १९७३मध्ये पीएचडी. पुढे भारतीय युद्धनौकांसाठी ॲप्सो नावाची सोनार यंत्रणा घडवली. १९९१मध्ये नौदल सोडून स्टॅनफर्डला गेले तेव्हा वय ४७, आणि तिथेही रुजू झाले ते साधे संशोधन सहायक म्हणून. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे अनेक अँटेना ठेवल्या तर त्याच हवेतून एकाच वेळी अनेक प्रवाह नेता येतील, ही मायमोची कल्पना त्यांना १९९२मध्ये सुचली, पेटंट १९९४मध्ये मिळालं. बऱ्याच जणांना ते अशक्य वाटलं होतं. आज तुमच्या घरातल्या राउटरला दोन-चार दांडे दिसतात ते त्याच कल्पनेपायी. २०१४मध्ये त्यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला. समुद्राखालचा आवाज अनेक ठिकाणी ऐकून त्याची दिशा ओळखण्यात घालवलेली वर्षं त्यांना हवेत उपयोगी पडली. तुमची शिकवण्यातली वर्षंही अशीच भांडवलात धरा. जी गोष्ट तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कितीही वेळा समजावून पटत नाही, तिच्यात बहुधा खरोखरच काहीतरी अवघड दडलेलं असतं.

पीएचडीनंतर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते आधी बघून घ्यावं असं मला वाटतं. आयआयटीत सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या श्रेणीसाठी साधारणपणे पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे मध्ये एक पोस्ट-डॉक, अर्थात पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नेमणूक, बहुतेकदा परदेशात किंवा दुसऱ्या शहरात. मूळ वेतन तिथे १,०१,५०० रुपयांपासून सुरू होतं. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक ५७,७०० वर रुजू होतो, आणि एआयसीटीईच्या २०१९च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव आणि त्यातली दोन वर्षं पीएचडीनंतरची, अशी अट आहे. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात अनुदानित जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि हुशार माणसं तासिका तत्त्वावर राबतात. तुमच्या वयात, घर नाशिकला ठेवून, पीएचडी संपवून पुन्हा जिल्ह्यातल्याच एखाद्या महाविद्यालयात यायची वेळ येऊ शकते. त्याला मी पराभव मानत नाही, तुम्हीही मानू नका. फक्त येताना रिकाम्या हाताने येऊ नका.

जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तासांचं ओझं वाहणारे शिक्षकच होते. संशोधनासाठी वेगळी प्रयोगशाळा नाही, उपकरणं स्वतः घडवलेली. १८९५मध्ये त्यांनी टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं, आणि त्या काळात त्यांचं काम काही मिलिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत पोचलं होतं. याच लहरी मोबाइलला निरुपयोगी आहेत असं एकविसाव्या शतकातही बहुतेक अभियंते समजत होते. थिओडोर रॅपपोर्ट यांच्या गटाने ऑस्टिन आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ३८ आणि २८ गिगाहर्ट्झवर मोजण्या केल्या, २०१३मध्ये त्या छापल्या, आणि ५जीच्या मानकात या पट्ट्याला जागा मिळण्यात त्या मोजण्यांचा मोठा हात होता. वेगळी प्रयोगशाळा नव्हती म्हणून बोस अडले नाहीत.

आणि आज साधनांची अडचण तेव्हाइतकी उरलेली नाही. रेडिओलहरी ऐकण्यासाठी संगणकाला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल काही हजारांत मिळतो. प्रक्षेपणही करणारे यूएसआरपी रेडिओ लाखांत जातात, पण त्यावर चालणारं जीएनयू रेडिओ, एसआरएसरॅन, ओपनएअरइंटरफेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या आवारात असलेली समीर ही संस्था आणि आणखी सात संस्थांनी मिळून स्वदेशी ५जी टेस्टबेड, म्हणजे चाचण्यांसाठीचं जाळं, बांधला, २०२२च्या मे महिन्यात तो खुला झाला. २०२३मध्ये देशभरच्या शंभर शिक्षणसंस्थांना ५जी प्रयोगशाळा दिल्या गेल्या. त्यातली जवळची कोणती ते शोधा. एक सावधगिरी: ज्या पट्ट्याला परवाना लागतो आणि तो तुमच्याकडे नाही, त्यात काहीही प्रक्षेपित करू नका. २.४ गिगाहर्ट्झ आपल्याकडे २००५पासून परवानामुक्त आहे, ५ गिगाहर्ट्झ घराबाहेर वापरायला २०१८मध्ये मोकळा झाला. मोबाइल कंपन्यांच्या पट्ट्यात फक्त ऐकायचं.

मुलीबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथे तुम्ही दोघंच जाणकार. नाशिक रोडहून मुंबई गाडीने काही तासांची, रोजची ये-जा मात्र होणार नाही. संशोधक कुटुंबांसाठी आवारात घरं असतात, पण त्यांना प्रतीक्षायादी असते, म्हणून प्रवेश मिळाल्या दिवशीच अर्ज करा. पहिलं वर्ष कोर्सवर्कचं, सर्वांत जड तेच. त्या वर्षात आजी-आजोबा मुलीजवळ राहू शकतील का, हे "या वयात कशाला" म्हणणाऱ्यांनाच विचारा. हातात ठोस काम आलं की विरोधाचा सूर बदलतो, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

शेवटी, उद्यापासून काय करायचं ते. आयआयटींच्या जुलैच्या प्रवेशाच्या जाहिराती वसंतात येतात आणि जानेवारीच्या प्रवेशाच्या पावसाळा संपता संपता. गेट, नेट, अनुभव यांच्या अटी प्रत्येक विभागाच्या वेगळ्या असतात. तोवर हातात वेळ आहे. एका जुन्या लॅपटॉपवर वायरशार्क हे जाळ्यातले निरोप टिपणारं सॉफ्टवेअर टाका, वाय-फाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे आसपासचं सगळं नुसतं ऐकण्याच्या स्थितीत लावा, आणि तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी आणि एरवीच्या दिवशी हवेत काय चाललंय ते नोंदवा. किती फ्रेम, म्हणजे निरोपांचे तुकडे, पुन्हा पाठवाव्या लागल्या, कोणता चॅनेल तुंबला, वेग कधी आणि का पडला. निरोपांचा मजकूर वाचू नका, फक्त प्रत्येक फ्रेमचं शीर्षक (हेडर) बघा, आणि प्राचार्यांची परवानगी घ्या. तुमची तिसऱ्या वर्षाची दोन उत्साही मुलं बरोबर घ्या, त्यांनाही प्रकल्प मिळेल. जे दिसेल ते चार पानांत लिहा. जानेवारीत बंगळुरूला कॉमस्नेट्स ही संगणकजाळ्यांवरची परिषद असते, तिथे जा. निबंध नसला तरी जा. तुम्हाला ज्यांच्याकडे काम करावंसं वाटतं ते प्राध्यापक तिथे चहाच्या रांगेत भेटतात.

आणि गाइडना ईमेल लिहाल तेव्हा "आदरणीय सर, मला वायरलेसमध्ये रस आहे" हे वाक्य गाळा. तसे मेल त्यांना रोज येतात. त्याऐवजी ती चार पानं जोडा, त्यातली न उलगडलेली एक गोष्ट दोन ओळींत लिहा, आणि त्यांच्या कोणत्या निबंधात त्याचं अर्धं उत्तर आहे असं तुम्हाला वाटतं ते सांगा. विभागप्रमुखांना रजेचं पत्रही याच महिन्यात द्या, पुढच्या वर्षीचं कामवाटप ठरण्याआधी, आणि त्याची पोच घ्या.